दिवा विझला म्हणजे व्होल्टेज गेले का?



आजचा विषय तुमच्यापैकी बहुतेकांनी दहावीत एकदा आणि बारावीत पुन्हा एकदा शिकलेला आहे. म्हणून सुरुवात एका प्रश्नाने करतो. प्रश्न ऐकल्यावर इथेच थांबा, उत्तर कागदावर लिहा आणि मगच पुढे चला.

दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले, म्हणजे ४.५ व्होल्ट झाले. त्यांच्याशी टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि एक स्विच एकसर जोडला. स्विच ऑफ आहे, बल्ब विझलेला आहे. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन तारा बल्बच्या दोन टोकांना लावल्या, तर किती व्होल्ट दिसतील? आणि त्याच तारा स्विचच्या दोन टोकांना लावल्या, तर किती?

पहिल्याचे उत्तर शून्य. ते बहुतेकांचे बरोबर येते. दुसऱ्यालाही बरेच जण शून्यच लिहितात आणि कारण विचारले की लगेच सांगतात, “सर, व्ही बरोबर आय गुणिले आर. करंट शून्य, म्हणून व्होल्टेज शून्य.” सूत्र पाठ आहे, उत्तर चूक आहे. स्विचच्या दोन टोकांमध्ये पूर्ण ४.५ व्होल्ट दिसतात.

चूक कुठे झाली ते पाहू. बल्बला रोध आहे, समजा १० ओहम. शून्य गुणिले १० म्हणजे शून्य. इथपर्यंत ठीक. पण उघड्या स्विचमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये हवा आहे. तिचा रोध इतका प्रचंड की कागदावर आपण तो अनंत धरतो. शून्य गुणिले अनंत किती, याचे उत्तर ते सूत्र देतच नाही. ते दुसरीकडून काढावे लागते.

ते कुठून काढायचे, हे मी नकाशावरून सांगतो. आयुष्याची बरीच वर्षे नकाशे वाचण्यात गेली, त्यामुळे मला तीच भाषा जवळची वाटते. समजा तुम्ही सकाळी कॅम्पातून निघालात, डोंगर चढलात, उतरलात, नाला ओलांडलात आणि संध्याकाळी त्याच तंबूपाशी परत आलात. दिवसभरात जितके मीटर चढलात, तितकेच उतरलेले असणार. वाट कोणतीही घ्या, हिशेब तोच. परिपथात उंचीच्या जागी विभव असते आणि दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक म्हणजे विभवांतर, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात व्होल्टेज म्हणतो. सेल तुम्हाला ४.५ व्होल्ट वर चढवतो. फेरी पूर्ण करून निघालेल्या जागी यायचे, तर ४.५ व्होल्ट कुठेतरी उतरायला हवेत. गुस्ताव किरचॉफने १८४५ मध्ये हे नियमाच्या रूपात मांडले. तेव्हा तो कोनिग्सबर्गला शिकत होता, वय होते २१. तुमच्यापेक्षा फार मोठा नव्हता.

आता आपला प्रश्न सुटतो. करंट नाही, म्हणून बल्बमध्ये उतार नाही. तारांमध्ये उतार नाही. पण ४.५ व्होल्ट उतरायचे आहेतच. उरलेली जागा एकच, उघडा स्विच. तो सपाट मैदानात अचानक आलेला कडा आहे.

इथे ओहमवर अन्याय नको, म्हणून थोडे विषयांतर करतो. गेओर्ग ओहम कोलोनच्या एका शाळेत शिकवत असे. त्याने हे प्रयोग केले तेव्हा त्या काळच्या घटांचा जोर सतत खाली-वर होत होता, म्हणून त्याने दोन धातूंचा सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवले. आणि १८२६ मध्ये त्याने जे सूत्र लिहिले ते आपण पाठ करतो तसे नव्हते. त्यात वर एक संख्या होती, ती घटाच्या जोराची. खाली दोन संख्यांची बेरीज होती. एक प्रयोगातल्या तारेची लांबी, दुसरी बाकी सगळ्या परिपथाच्या रोधासाठी. म्हणजे त्याने पूर्ण फेरीचा विचार केला होता. खालची लांबी वाढवत अनंतापर्यंत नेली तर करंट शून्यावर येतो, पण वरची संख्या जागची हलत नाही. आपण मात्र परीक्षेसाठी त्याच्या नियमाचा एक तुकडा कापून घेतला आणि सगळीकडे तोच लावत सुटलो.

“एवढ्यासाठी एक भाषण? एका मार्काचा प्रश्न आहे,” असे कुणाला वाटेल. म्हणून एक घटना सांगतो.

बरीच वर्षे झाली. एका ठाण्यावर जवानांच्या जुन्या बॅरकमध्ये नवे वायरिंग झाले होते आणि ते तपासून ताब्यात घेण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्याकडे विज्ञानाची पदवी होती. प्रत्येक खोलीत गेलो. स्विच दाबला, दिवा लागला. पुन्हा दाबला, विझला. पंखे फिरले. सगळे व्यवस्थित. मी सही केली.

पावसाळ्यात एका दिव्याचा होल्डर खराब झाला. एक तरुण जवान, हाताचा कुशल मुलगा, तो बदलायला लोखंडी स्टुलावर चढला. फरशी ओली होती. त्याने आधी स्विच ऑफ केला होता, अगदी आठवणीने. मेन स्विच काढला नाही, कारण तो काढला असता तर रात्रपाळी करून झोपलेल्या बाकीच्यांचे पंखे बंद पडले असते. बल्ब काढला, होल्डर उघडला आणि त्याला शॉक बसला. झटक्याने तो खाली पडला, मनगट मोडले. पडला म्हणूनच वाचला. हात तारेला चिकटून राहिला असता तर मी आज ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगत असतो, किंवा सांगितलीच नसती.

चौकशीत कळले की त्या खोलीत स्विच फेजच्या तारेत न बसवता न्यूट्रलच्या तारेत बसवला होता.

एकसर जोडणीत क्रम बदलला तरी करंट बदलत नाही, हे तुम्ही शिकला आहात. आधी स्विच मग बल्ब, किंवा आधी बल्ब मग स्विच, दिवा दोन्हीकडे सारखाच लागतो आणि सारखाच विझतो. माझी तपासणी फक्त करंट पाहत होती. करंट चालू होतो का, बंद होतो का. ज्या दोन जोडण्यांमध्ये जीव आणि मरण इतका फरक होता, त्या दोन्ही माझ्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाल्या असत्या. फरक व्होल्टेजमध्ये होता आणि ते मी मोजलेच नव्हते.

तो फरक नीट समजून घ्या. आपल्या घरी वीज दोन तारांनी येते, फेज आणि न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची. न्यूट्रल ही तार वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे नकाशात समुद्रसपाटीला शून्य धरतात, तसे इथे जमिनीला शून्य धरायचे. न्यूट्रल साधारण जमिनीच्या पातळीवर, फेज तिच्यापासून २३० व्होल्टवर. (बारावीवाले लगेच म्हणतील की ए.सी. आहे, डोंगर सेकंदाला ५० वेळा दरी होतो. खरे आहे. २३० ही परिणामी किंमत, शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे. पण आजचा मुद्दा त्याने बदलत नाही.)

स्विच फेजमध्ये असेल आणि तो ऑफ केला, तर कडा स्विचपाशी असतो. त्याच्या पुढचा बल्ब, होल्डर, सगळे न्यूट्रलशी जोडलेले, म्हणजे जमिनीच्या पातळीवर. हात लावलात तरी काही होणार नाही. स्विच न्यूट्रलमध्ये असेल, तर कडा बल्बच्या पलीकडे जातो. होल्डरमध्ये फेज थेट येऊन थांबलेली असते. करंट नाही म्हणून बल्बमध्ये उतार नाही, म्हणून बल्बची दोन्ही टोके २३० व्होल्टवर उभी. दिवा विझलेला, आणि आत पूर्ण व्होल्टेज. त्या मुलाने बोट लावले तेव्हा उतरायला नवी वाट मिळाली. बोट, छाती, पाय, लोखंडी स्टूल, ओली फरशी, जमीन आणि तिथून ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल. परिपथ पूर्ण झाला.

शब्दांचाही घोटाळा पाहा. आपण घरी म्हणतो “दिवा बंद कर,” आणि पुस्तकात “बंद परिपथ” म्हणजे ज्यातून करंट वाहतो तो. दिवा बंद तेव्हा परिपथ खुला, परिपथ बंद तेव्हा दिवा चालू. हिंदीतही हीच गंमत. म्हणून मी मुद्दाम ऑन आणि ऑफ म्हणतोय. तुमच्यापैकी कुणी बडोद्यात गुजरातीतून, कुणी इंदूरला हिंदीतून, कुणी बेळगाव-हैदराबादला इंग्रजीतून शिकत असाल. हे दोन शब्द सगळीकडे एकाच अर्थाने चालतात.

आता तारेवर बसलेली चिमणी. तिला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. व्होल्टेज एका जागेचे नसते, दोन जागांमधले असते. “या तारेत किती व्होल्ट आहेत?” हा प्रश्न अर्धा आहे. “कशाच्या मानाने?” हे विचारल्यावर तो पूर्ण होतो.

आणि शॉक किती बसेल? इथे मात्र ओहमचा नियम सरळ लावता येतो. त्वचा अगदी कोरडी असेल तर शरीराचा रोध लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० भागिले १,००,०००, म्हणजे २.३ मिलीअँपिअर. झिणझिण्या येतील, दचकाल. तीच त्वचा भिजलेली असेल तर रोध हजार ओहमच्या आसपास येतो. आता करंट २३० मिलीअँपिअर. एवढा करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडायला पुरेसा आहे. व्होल्टेज तेच, पावसाने रोध शंभरपट कमी केला. आपल्याकडे पावसाळ्यात आणि कूलरच्या मोसमात अशा बातम्या येतात, त्यामागे हा भागाकार आहे.

“पण सर, एम.सी.बी. पडेल ना?” नाही पडणार. दिव्यांच्या लाइनवर साधारण ६ अँपिअरची एम.सी.बी. असते. तिच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे एका पन्नास वॉटच्या बल्बएवढा भार. ती तारेच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नाही. माणसासाठी जे यंत्र असते त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात आणि ते साधारण ३० मिलीअँपिअरला तुटते. त्याची युक्ती किरचॉफच्या करंटच्या नियमाची आहे, म्हणजे जितका करंट आत गेला तितकाच बाहेर यायला हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एका गोल गाभ्यातून जातात. एकीतून गेलेला आणि दुसरीतून परत आलेला करंट सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. काही करंट तुमच्या अंगातून जमिनीत गेला, तर परत येणारा तेवढा कमी भरतो, हिशेब जुळत नाही आणि स्विच तुटतो. ज्या मुलांना अजून वाटते की बल्ब करंट “खातो” आणि उरलेला परत पाठवतो, त्यांनी हे यंत्र आठवावे. बल्बने करंट खाल्ला असता तर पहिला दिवा लावताच घरभर अंधार झाला असता. बल्ब ऊर्जा घेतो. विद्युतभार जितका जातो तितका परत येतो.

आता घरोघरी दिसणारे एक कोडे. दिवे गेले आहेत. वायरमन सॉकेटमध्ये टेस्टर घालतो. एका भोकात टेस्टर लागतो. दुसऱ्या भोकात घालतो, तिथेही लागतो! आणि तरीही एक दिवा पेटत नाही. पाहणारे म्हणतात, दोन्हीकडून करंट येतोय. तुम्ही आता हे सोडवू शकता. न्यूट्रलची तार घराबाहेर कुठेतरी तुटली आहे. घरात एखादा बल्ब किंवा पंखा ऑनवर राहिला आहे. करंट नाही म्हणून त्यात उतार नाही, म्हणून घरातला सगळा न्यूट्रल त्या पंख्यातून फेजच्या उंचीवर चढून बसला आहे. कडा बाहेर, जिथे तार तुटली तिथे. पहिल्या प्रश्नातला ऑफ स्विच तो हाच. अशा वेळी न्यूट्रलला “थंड तार” समजून हात लावणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको.

टेस्टरही काय करतो ते लक्षात ठेवा. त्यात एक निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्याशी एकसर मोठा रोध असतो, लाखो ओहमचा. वर बोट ठेवता तेव्हा तुमच्यातूनच अगदी थोडा करंट जमिनीकडे जातो आणि निऑन उजळतो. तो तुम्हाला जाणवत नाही इतकेच. परिपथाचा एक भाग तुम्ही असता.

न्यूट्रल खांबावरच तुटला तर प्रकरण आणखी बिघडते. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे आता ४०० व्होल्टवर एकसर जोडली जातात. एका घरात इस्त्री आणि पंखे चालू, समजा मिळून १०० ओहम. दुसऱ्यात फक्त टीव्ही आणि एक दिवा, समजा ४०० ओहम. पहिल्याला ८० व्होल्ट, दुसऱ्याला ३२०. ज्याने काटकसर केली त्याचाच टीव्ही जळतो. एकसर जोडणीचे गणित पुस्तकात फार सात्त्विक दिसते.

याच गोष्टीचा उपयोगही होतो, तेवढे सांगून प्रयोगाकडे वळतो. सैन्यातल्या बऱ्याच गाड्यांत २४ व्होल्टची वीज असते. मागचा दिवा लागत नाही, तर नवशिका मुलगा एकेक तार उपटून पाहतो. जाणता मिस्त्री मल्टिमीटरची काळी तार चासीला लावतो आणि लाल तार घेऊन बॅटरीपासून दिव्याकडे चालत जातो. फ्यूजवर २४, स्विचपुढे २४, कनेक्टरच्या अलीकडे २४, पलीकडे शून्य. तुटलेली जागा सापडली. तार लांब असेल तर आधी मधोमध पाहायचे. तिथे २४ मिळाले तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. करंट नसलेल्या परिपथातही व्होल्टेज असते म्हणूनच हे जमते. आणि दिव्याच्या दोन्ही टोकांवर २४ आले तर? मग दिव्याचा अर्थ कट आहे. घरच्या तुटलेल्या न्यूट्रलचा धाकटा भाऊ.

प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरच्या सॉकेटवर नाही, हे मी विनंती म्हणून नाही, हुकूम म्हणून सांगतो. तीन सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तंतूचा बल्ब (एलईडी नको, त्याचे वागणे वेगळे), एक स्विच, स्वस्तातला मल्टिमीटर. सेलच्या ऋण टोकाला जमीन माना आणि मीटरची काळी तार तिथेच ठेवा. आधी स्विच धन टोक आणि बल्ब यांच्यामध्ये जोडा, ऑफ ठेवा आणि लाल तार बल्बच्या दोन्ही टोकांना लावून आकडे लिहा. शून्य आणि शून्य येतील. मग स्विच काढून बल्ब आणि ऋण टोक यांच्यामध्ये घाला, पुन्हा ऑफ. आता दोन्ही टोकांवर साडेचारच्या आसपास येईल. सेल अगदी नवे असतील तर थोडे जास्तही. बल्ब दोन्ही वेळा सारखाच विझलेला असेल. आता बल्ब काढून घ्या आणि होल्डरच्या दोन टोकांचे आकडे पुन्हा घ्या. एक बदलेल. कोणता आणि का, ते लिहून ठेवा. त्या मुलाचे बोट त्यांपैकी एका टोकावर गेले होते.

घरातला एलईडी दिवा स्विच ऑफ केल्यावरही अंधारात मंद उजळत असेल, तर वायरमनला बोलवून स्विच कोणत्या तारेत आहे ते पाहायला सांगा. स्विचमधला छोटा इंडिकेटर किंवा शेजारून जाणारी तार हेही कारण असू शकते, पण पाहून घ्यावे.

पुढच्या भागासाठी एक आकृती काढून आणा. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असे दोन स्विच असतात, कुठूनही दिवा लावता आणि विझवता येतो. दोन स्विचांच्या मध्ये दोन तारा धावतात. दिवा विझलेला असताना त्या दोन तारांपैकी किती तारा फेजच्या उंचीवर असतात? स्विचांच्या चारही स्थिती काढा आणि प्रत्येकीत लाल पेन्सिलीने रंगवा.